माझी टिकली आणि तिची कपबशी

चिन्हं वाटली बुधवारी, आणि दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. २०२२ चा डिसेंबर. ग्रामपंचायतीच्या मतदानाला दहा दिवस राहिले होते. सरपंचपदाला उभ्या असलेल्या आक्कांना कपबशी मिळाली होती. कपबशी मिळाली की निम्मी निवडणूक मारली, असं आमच्याकडं समजतात, कारण डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या म्हातारीलाही ती मशीनवर ओळखू येते. समोरच्या उमेदवाराच्या शिट्टीचं तसं नाही. ती बारीक चित्रात कशाहीसारखी दिसते.

संध्याकाळी आक्कांच्या अंगणात महालक्ष्मीचं हळदीकुंकू होतं. त्यांचं घर आमच्या घरासमोरच. मी ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसले होते. निवडायला त्यात काही नव्हतं, रेशनचा तांदूळ मी दुपारीच पाखडून ठेवला होता. पण हातात काहीतरी असलेलं बरं. समोरून बायका येत होत्या. डोक्यावर पदर, हातात ताम्हन. माझ्या दारापाशी आल्या की दोन पावलांपुरती मान दुसरीकडं वळायची आणि पुढं जाऊन सरळ व्हायची. रोज ह्याच बायका 'बाई, चहा टाकला का?' म्हणून हाक मारत जातात. त्या दिवशी त्यांचाही नाइलाज होता. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. आणि तिच्यासमोरून ते ताट घेऊन जाताना काय बोलायचं, हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही.

स्पीकरवरून आक्कांचा आवाज आला. "आयाबायांनो, तुमचं कुंकू हीच तुमची ताकद हाय. ती जपा, आन् कपबशी ध्यानात ठेवा."

त्या आक्कांना मी मत दिलं. नुसतं दिलं नाही, खालच्या वस्तीवर आणि आमच्या आळीत घरोघर जाऊन मागितलंही. माझी लेक पुण्यात असते. तिनं हे ऐकलं आणि दोन दिवस फोन केला नाही.

*

आक्का म्हणजे वाईट बाई नव्हेत. हे वाक्य मी लेकीला इतक्यांदा सांगितलं की आता ते माझं मलाच पटेनासं झालंय. २०१६ मध्ये आमचे हे गेले. पुढच्या वर्षी मी तालुक्याच्या हायस्कुलातून रिटायर झाले आणि गावी येऊन राहिले. टिकली मी काढली नाही. त्यामागं काही क्रांतीबिंती नव्हती. चाळीस वर्षं आरशात जो चेहरा बघितला तोच बघायची सवय होती. आक्का एकदा दळण घेऊन जाताना दारात थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. आमी काय सांगावं? पर बरं दिसत न्हाय." सुरात राग नव्हता. वळून पाहिलं तर डोळ्यांत खरी काळजी होती. मला राग आला तो त्या काळजीचाच.

मग पुतण्याच्या लग्नात ओट्या भरायला बायका रांगेनं बसल्या. मीही बसले. आक्का तांदळाचं ताट घेऊन येत होत्या. माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, आत बसा. हितं ऊन लागतंय." मांडवात ऊन कुठलं? मी उठले आणि आत जाऊन बसले. माझ्यासारखी बाई, वर्गात पोरींना सावित्रीबाई शिकवणारी, उठून गेली. तो खांद्यावरचा हात मला अजून आठवतो. हलका होता, मायेचा होता, आणि मला बाजूला सारत होता.

*

आता दुसरी बाजू. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमचा भाग माणदेशाच्या कडेला, त्यामुळं आम्हाला जाहीर व्हायची वाट बघावी लागत नाही. २०१९ च्या मे महिन्यात गावात टँकर सुरू होते. टँकर विहिरीत रिकामा करायचा, तिथून पाणी टाकीत चढवायचं आणि टाकीतून आळीआळीला सोडायचं, अशी व्यवस्था. पाणी सोडायच्या वॉलची चावी पंचायतीच्या शिपायाकडं, आणि शिपाई ज्याचं ऐकायचा त्याच्या आळीला पाणी. खालच्या वस्तीला पाणी यायचं रात्री दोनला, तेही कधी यायचं, कधी नाही. तिथल्या बाया घागरी रांगेत लावून रस्त्यावरच झोपायच्या.

आक्का तेव्हा वॉर्डाच्या सदस्य होत्या. बायकांना पन्नास टक्के जागा मिळायला लागल्या २०११ पासून, त्यातच त्या पुढच्या वर्षी निवडून आल्या होत्या, आणि मग दुसऱ्यांदाही. पहिल्या मासिक सभेला त्यांचे मालक बरोबर आले होते. ग्रामसेवकानं सवयीनं खुर्ची पुढं केली, ती मालकांना. तिसऱ्या सभेला आक्का म्हणाल्या, "तुमी म्हशीचं बघा, हितलं मी बघती." गावात हा किस्सा अजून सांगतात. सांगणाऱ्या पुरुषाच्या आवाजात थोडी कुचेष्टा असते, थोडी भीतीही.

तर त्या मे महिन्यात आक्कांनी शिपायाकडून चावी घेतली. रीतसर ठराव वगैरे काही नाही, सरळ हातातून घेतली. टाकीखाली बाजलं टाकलं आणि तिथंच बसल्या. जवळ दोनशे पानी वही. त्यात उभ्या रेघा मारून तारीख, आळी, सोडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात 'शेरा'. ती वही त्या मला दाखवायला आणायच्या, कारण त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत आणि हिशेबात चूक राहायला नको म्हणून. खालची वस्ती, सकाळी सहा वीस ते सात दहा. पाटील आळी, सात दहा ते आठ. शेऱ्यात एके दिवशी लिहिलं होतं : 'पाटील आळीतून मोटार लावली. मोटार काडून ठेवली आहे. मागाया आले न्हाईत.' मी लाल पेनानं 'काढून' आणि 'नाहीत' करून दिलं. पाटील आळी म्हणजे आक्कांचीच भावकी. मोटार त्यांच्या चुलत दिराची. महिनाभर त्या घरात आक्कांना पाण्याचा तांब्यासुद्धा कोणी दिला नाही.

अडतीस वर्षं मी कॅटलॉग भरले, निकालपत्रकं केली. खोटा कागद मला वासावरून कळतो. ती वही खरी होती.

*

समोर शिट्टी चिन्हावर उभी होती ती एक तरुण सून. बी.एस्सी. झालेली, चुणचुणीत, बोलायला गोड. मला आवडायची, आजही आवडते. तिच्या पत्रकावर सावित्रीबाई, जिजाऊ, अहिल्याबाई, तिघींचे फोटो. तिच्याही घरी गुरुवारचं हळदीकुंकू झालं आणि तिथं मला मुद्दाम गाडी पाठवून नेलं. गावातल्या आम्हा पाचसहा जणींना पुढं खुर्च्यांवर बसवलं. ती माझ्यापुढं आली, कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं. सहा वर्षांनी कोणीतरी टेकवत होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? मग कळलं की बोट अजून तिथंच आहे. फोटो काढणाऱ्या पोराचा फोन अडकला होता. तो म्हणाला, "वैनी, आसंच ऱ्हावा, आजून एक." ती राहिली. मीही राहिले, डोळ्यांत पाणी तसंच धरून. रात्री तो फोटो गावाच्या ग्रुपवर होता.

तिचं मन खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण तिच्यामागं सासरा होता, आणि २०१९ मध्ये टँकर सासऱ्याचे होते. टँकरच्या खेपा लॉगबुकात किती आणि विहिरीत किती, ह्याचा हिशेब आक्कांच्या वहीत आहे. उरलेल्या खेपा कुणाच्या डाळिंबाच्या बागेत गेल्या हे गावाला वहीशिवायही ठाऊक होतं. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा तेव्हा थेट पंचायतीच्या खात्यावर यायचा, आणि तो काढायला सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या लागायच्या. जलजीवनमधून घरोघर नळ यायचे होते. कागदावर माणशी रोज ५५ लिटर. ती सही कुणाच्या हाताची असणार, आणि त्या हाताला कोपरापासून कोण धरणार, प्रश्न एवढाच होता. सूनबाई माझ्या घरी आल्या तेव्हा मी सरळ विचारलं, "पाणीपुरवठ्याचं टेंडर कुणाला द्यायचं हे तू ठरवशील?" ती हसली आणि म्हणाली, "त्यातलं मामंजींना जास्त कळतं, बाई." प्रामाणिक उत्तर होतं. माझं मत तिथं ठरलं.

*

लेकीनं तिसऱ्या दिवशी फोन केला. तिचं म्हणणं मी इथं पुरतं मांडते, कारण ते कच्चं नव्हतं. "आई, ती तुझा अपमान आजवर तिच्या अंगणात करत होती. आता खुर्चीवरून करेल. आणि ती खुर्ची तू तिला देतेयस."

हे वरवरचं नव्हतं. त्याच वर्षी ४ मे रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, कार्यात बाजूला बसवणं, सगळं बंद. १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. मी ते परिपत्रक छापून घेतलं, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभी राहून आपल्या गावातही असा ठराव व्हावा म्हणाले. शिट्टीवाल्यांच्या बाजूनं लगेच टाळ्या पडल्या. आक्का उठल्या. म्हणाल्या, "बाईंचा मान हाय, पर ह्ये कागदावर करायचं काम न्हवं. ज्याच्या त्याच्या घरचं हाय." विषय पुढच्या सभेवर गेला. आमच्याकडं विषय पुढच्या सभेवर जातो म्हणजे तो कुठं जातो, हे ज्यांनी ग्रामसभा पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

म्हणजे लेक म्हणत होती ते काल्पनिक नव्हतं, एकदा घडून गेलं होतं. मी तिला म्हटलं, "पाणी आधी." ती म्हणाली, "तू वर्गात नेमकं उलटं शिकवायचीस."

खरंच शिकवायचे. इतिहासाच्या पेपरात हमखास यायचं : आधी राजकीय की आधी सामाजिक? टिळक आणि आगरकर. १८८१ मध्ये दोघांनी मिळून 'केसरी' काढला, आगरकर पहिले संपादक. १८८७ मध्ये बाजूला झाले, १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं वय दहावरून बारा, एवढीच काय ती सुधारणा, आणि टिळकांनी सरकारनं आमच्या घरात लक्ष घालू नये म्हणून त्याला विरोध केला. पुण्यात लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पोरं दोन्ही बाजू लिहायची, मी आगरकरांच्या बाजूनं लिहिणाऱ्याला अर्धा मार्क जास्त द्यायचे. आता पेन्शन सुरू झालीय, कबूल करायला हरकत नाही.

आणि १८९५ चा मांडव. पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन. तोवर रानडे त्याच मांडवात सामाजिक परिषदही भरवायचे. टिळकांच्या बाजूनं जोर धरला की हा मांडव राजकारणाचा, इथं सुधारणेचं नाव नको. शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडं नेली. हा प्रसंग मी वर्गात रंगवून सांगायचे. ओट्यावर बसून समोरच्या मांडवाकडं बघताना तो आठवला आणि हसूही आलं. 'ज्याच्या त्याच्या घरचं हाय' हे आक्कांचं वाक्य सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात अधिक शुद्ध मराठीत बोललं गेलं होतं. वर्गात सांगताना मी एक गोष्ट मात्र कधी धरली नव्हती. त्या मांडवातून ज्यांना बाहेर काढलं, त्यांच्यातले किती जण पुढंही काँग्रेसचेच राहिले! रानडे मांडवावरून हटले, काँग्रेसवरून हटले नाहीत. मी त्यांना तेव्हा मनातल्या मनात थोडं लेचंपेचं म्हणायचे.

तुलना माझ्या सोयीची आहे हे मला कळतं. संमतिवयाच्या वादात दहाअकरा वर्षांच्या पोरींचे जीव पणाला लागले होते. इथं पणाला होती माझी टिकली, माझा मान आणि एक हुकलेली ओटी. दुखतं, पण घोटभर पाण्यासाठी रात्री दोनला उठणाऱ्या बाईसमोर ते दुखणं घेऊन उभी राहिले तर मलाच ते लहान दिसतं. आक्कांनी खालच्या वस्तीच्या पाण्यात हात आखडता घेतला असता, किंवा वॉल सोडताना जात बघितली असती, तर मी त्यांच्या सावलीलाही उभी राहिले नसते. पण हे लिहिताना पेन अडखळतं. माझ्यासारख्याच दुसऱ्या एखादीला, तेविसाव्या वर्षी नवरा गेलेल्या पोरीला, जिच्या बांगड्या फोडल्या गेल्या, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुझं दुखणं लहान आहे? ते सांगायचा हक्क मला फक्त माझ्यापुरताच. खालच्या वस्तीत अशी एक आहे. तिला मी विचारलं. ती म्हणाली, "मला दोन्ही पायजे, बाई. पर आदी सकाळचं पाणी."

*

प्रचाराला निघायच्या आदल्या रात्री मी आक्कांच्या घरी गेले. चुलीपाशी त्या एकट्याच भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "आक्का, मी तुमच्यासाठी मत मागणार आहे. पण तुमच्या हळदीकुंकवाच्या भाषणातलं एक अक्षर मला मान्य नाही. टिकली मी काढणार नाही. आणि निवडून आलात की तो ठराव मी परत आणणार आहे."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग कशापायी मागताय?"

"वहीपायी."

"वही व्हय," असं म्हणून त्यांनी भाकरी उलटली. "आना मग ठराव. मी इरोद करीन."

"करा."

जेवून जा म्हणाल्या. मी जेवले. ठेचा झणझणीत होता. त्यांच्या सुनेनं पाणी दिलं. निघताना सवयीनं सून कुंकवाच्या करंड्याकडं वळली आणि थबकली. आक्कांनी तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. त्या विस्तवावर पाणी मारत होत्या.

पुढचे आठ दिवस मात्र वाईट गेले, ते वेगळ्याच कारणानं. आक्कांचे कार्यकर्ते सांगत सुटले, "बाईसुद्धा आपल्याकडं हायत, बाईंना पण परंपरा मान्य हाय." मी जिथं जाईन तिथं आधी हे खोडायला लागायचं आणि मग मत मागायला. माणसं गोंधळायची. पारावर एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे तुमी त्यांच्या बाजूच्या हाय का इरोदी?" मी म्हटलं, "पाण्याला बाजूची, कुंकवाला विरोधी." तो म्हणाला, "मशीनवर असं दोन बटन न्हाय, बाई." त्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

१८ तारखेला सकाळी साडेसातला केंद्र उघडलं, मी पहिल्या दहांत होते. शाळेच्याच खोलीत, मी लहानपणी शिकले त्याच. सरपंचाची निवड थेट लोकांतून होती. २०१७ ला ती पद्धत आली, मध्ये २०२० ला गेली, पुन्हा २०२२ ला आली. मी कपबशीचं बटण दाबलं, मग वॉर्डाची. लांब शिट्टी वाजली. बाहेर आल्यावर बोटावरच्या शाईकडं बघत थोडा वेळ उभी राहिले. लेकीला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला. कुठल्या अर्थाचा, ते मी विचारलं नाही.

२० तारखेला निकाल. आक्का निवडून आल्या. मिरवणुकीत गुलाल माझ्याही केसांत पडला. घरी येऊन धुतला तर कपाळावर लाल डाग राहिला, टिकलीच्या वर बोटभर.

*

परवाच्या २६ जानेवारीची ग्रामसभा ही आक्कांची सरपंच म्हणून पहिली. नोटिशीवर माझा ठराव विषय क्रमांक नऊ. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हा दहावा, म्हणजे त्यांनी माझा विषय ऐनवेळच्यात ढकलला नव्हता, रीतसर छापला होता. मी परिपत्रक पिशवीत घेऊन दुपारी दोनपासून बसले. जलजीवनच्या पाइपलाइनवर दीड तास गेला. खालच्या वस्तीची लाइन कुठून काढायची ह्यावर आक्का आणि त्यांचा तोच चुलत दीर जाहीर भांडले. बघायला मजा आली. लाइन वस्तीतूनच जाणार असं ठरलं.

आठवा विषय चालू असताना चार वाजले. रथसप्तमी दोन दिवसांवर, संक्रांतीची हळदीकुंकवं अजून सुरू होती. बायका एकेक करून उठायला लागल्या. त्या दिवशी गावात तीन घरी हळदीकुंकू होतं. त्यातलं एक सरपंचांच्या घरी. ग्रामसेवकानं डोकी मोजली. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी ती हजेरी लागते. आमची भरली एकसष्ट. त्यानं आक्कांकडं पाहिलं. आक्कांनी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "गणपूर्ती न्हाय. सभा तहकूब. पुढच्या गुरुवारी."

मी पिशवी उचलून घरी आले. संध्याकाळी समोरच्या अंगणात बायका तिळगूळ आणि स्टीलच्या वाट्या घेऊन जाऊ लागल्या. मी ओट्यावर बसले नाही, दार लावून आत बातम्या बघत होते.

रात्री नऊला कडी वाजली. आक्का होत्या, हातात वही. नवी, पहिल्याच पानावर नव्या लाइनीचा हिशेब. पाइप किती फूट, किती इंची, दर काय. मी चष्मा लावला, लाल पेन घेतलं. दोन ठिकाणी बेरीज चुकली होती, ती दुरुस्त केली. त्यांनी वही मिटली, उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"तहकूब सभंला गणपूर्ती लागत न्हाय, बाई. दहा डोकी असली तरी ठराव व्हतो. ग्रामसेवकानं सांगितलं. तुमाला ठाव आसंल."

मला ठाऊक नव्हतं. त्या का सांगत होत्या तेही कळलं नाही. मला वाट दाखवत होत्या, की गुरुवारी त्यांची दहा डोकी आधीच येऊन बसणार आहेत असं बजावत होत्या? मी काही विचारायच्या आत त्या अंगण ओलांडून गेल्या होत्या.

आज मंगळवार. सकाळी सहा वीसला खालच्या वस्तीला पाणी सुटल्याचा आवाज आला. मी परिपत्रकाच्या पंधरा प्रती काढून आणल्यात.